वाचकांचे प्रश्न : माल्टचा उतारा कोठे हरवतो?

प्रश्न : नोकरीनिमित्त मी पाच वर्षे मँचेस्टरला होतो. तेथे घरी बिअर करण्यास परवाना लागत नाही, त्यामुळे जवाचे माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) भरडून, गरम पाण्यात मुरवून, अगदी धान्यापासून बिअर करण्याचा छंद जडला. दीड वर्षापूर्वी नागपूरला परतलो. येथे बिअर करीत नाही. परंतु मॅश लावण्याची, म्हणजे भरड गरम पाण्यात मुरवण्याची, हौस सुटली नाही, म्हणून तेच गोड पाणी आटवून पावासाठी आणि दुधात घालण्यासाठी माल्टचा पाक करतो. अडचण अशी, की मँचेस्टरला ४ किलो माल्टपासून २० लिटर वर्ट, म्हणजे माल्टचे गोड पाणी, निघत असे आणि हायड्रोमीटर (द्रवाचा दाटपणा मोजणारे तरंगते साधन) १.०४५ दाखवीत असे. येथे गेल्या मे महिन्यात तेवढ्याच माल्टपासून तेवढेच वर्ट निघाले, पण हायड्रोमीटर १.०३६ च्या वर गेला नाही. म्हणजे ७५ टक्क्यांचा उतारा (माल्टमधून निघू शकणाऱ्या साखरेपैकी हाती आलेला वाटा) ६० वर आला. साधने तीच आहेत : आइसबॉक्सचा मॅश टब, तळाशी जाळी, मोजपट्टी कोरलेले पातेले. प्रत्येक नमुना ओट्यावर ठेवून निवू देतो आणि मगच मोजतो. मॅशला १२ लिटर पाणी घेतो आणि नंतर १६ लिटरने चोथा धुतो. पहिल्या निचऱ्याचे वर्ट १.०६५ भरले. माल्ट चक्कीवर जाड दळून आणतो. चोथ्यात काही दाणे अख्खे दिसतात. पाणी घरच्या बोअरचे आहे. माल्टच्या पोत्यावर अर्क ७७ टक्के आणि ओलावा ५ टक्के असे छापलेले आहे. सगळे आटवून मधासारखा घट्ट पाक २ किलो ६०० ग्रॅम मिळाला. साखर कोठे जाते आहे?
(एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर)

उत्तर : आपण बिअर न करता पाकावर थांबता हे योग्यच आहे. ब्रिटनने १९६३ मध्ये घरगुती बिअरवरील परवान्याची अट काढून टाकली. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा घराच्या स्वयंपाकघरालाही लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा ठरतो. मॅश आणि वर्ट हा त्याच्या अलीकडचा, केवळ साखरेचा टप्पा असल्यामुळे आपल्या प्रश्नाला मोकळेपणाने उत्तर देता येते. फक्त वर्ट रात्रभर उघडे ठेवू नका. नागपूरच्या उन्हाळ्यात ते आंबायला परवान्याची वाट पाहत नाही.

आता साखरेकडे वळू. आपली बरीचशी साखर कोठेही गेलेली नाही आणि त्याचा पुरावा आपल्या पत्राच्या शेवटच्या ओळींत आहे. मधासारख्या घट्ट पाकात विरघळलेले घन पदार्थ सुमारे ८० टक्के असतात, म्हणजे २ किलो ६०० ग्रॅम पाकात ते २ किलो ८० ग्रॅमच्या आसपास भरले. उलट १.०३६ गुरुत्वाच्या २० लिटर वर्टमध्ये ते १ किलो ८७० ग्रॅमहून अधिक असूच शकत नाहीत, आणि त्यापासून जेमतेम सव्वादोन ते २ किलो ३५० ग्रॅम पाक झाला असता. पातेल्यात साखर वाढत नाही. तेव्हा तराजू खरा धरला, तर हायड्रोमीटरचे वाचन खोटे ठरते.

ते खोटे का ठरले, हे आपणच लिहिले आहे : नमुना ओट्यावर ठेवून निवू दिला. मँचेस्टरच्या ओट्यावर निवलेला नमुना १८ ते २० अंश सेल्सिअसला येऊन थांबतो आणि बहुतेक हायड्रोमीटर २० अंशांसाठीच आखलेले असतात. नागपुरात मे महिन्यात, बाहेर पारा ४४ वर असताना, ओट्यावरचा नमुना कितीही वेळ ठेवला तरी ४० अंशांच्या खाली उतरत नाही. गरम द्रव विरळ असतो, हायड्रोमीटर त्यात अधिक बुडतो आणि आकडा कमी दाखवतो. ४० अंशांवर ही तूट सुमारे ६ पॉइंटची असते. गुरुत्वाच्या आकड्यात १.०३६ मधील ३६ ला पॉइंट म्हणण्याची पद्धत आहे. तेव्हा आपले वर्ट ३६ पॉइंटचे नसून ४२ पॉइंटचे होते. नमुन्याची नळी बर्फाच्या पाण्यात उभी धरून थर्मामीटरने २० अंश पाहून मगच मोजावे, हे उत्तम. माठाच्या पाण्यात धरली तरी निम्मे काम होते. उरलेली तूट तक्त्यावरून भरून काढता येते.

दुसरी चूक नेमकी उलट्या दिशेची आहे. आपण २० लिटरची खूण उकळत्या वर्टवर पाहिली असणार, कारण पातेल्यावरची मोजपट्टी माणूस आच बंद केल्याबरोबर पाहतो. उकळते पाणी २० अंशांच्या पाण्यापेक्षा सुमारे ४ टक्के अधिक जागा व्यापते, म्हणून ते २० लिटर थंड झाल्यावर १९.२ लिटर भरतात. आता हिशेब मांडू. ४२ पॉइंट गुणिले १९.२ लिटर म्हणजे ८०६ लिटर-पॉइंट. हा गुणाकार उकळण्यापूर्वी करा वा नंतर, तो तोच राहतो, कारण उकळताना पाणी उडते, साखर उडत नाही. १ किलो शुद्ध साखर १ लिटर द्रवात ३८६ पॉइंट देते, या न्यायाने ८०६ लिटर-पॉइंट म्हणजे २ किलो ९० ग्रॅम. आपल्या पाकाचे वजन हेच सांगत होते.

तिसरी गोष्ट भागाकारातील खालच्या आकड्याची. आपण माल्टची कमाल क्षमता किलोला ३०० लिटर-पॉइंट धरून ७५ आणि ६० हे टक्के काढलेले दिसतात. इंग्लंडमधील चांगल्या दुओळी (कणसात दाण्यांच्या दोन ओळी असलेल्या) जवाच्या माल्टसाठी ते ठीक आहे. आपल्या पोत्यावर मात्र अर्क ७७ टक्के छापलेला आहे, आणि हा आकडा कोरड्या वजनावरचा असल्यामुळे ५ टक्के ओलावा वजा जाता १ किलो माल्टमधून अधिकात अधिक ७३० ग्रॅम अर्क, म्हणजे सुमारे २८२ पॉइंट निघू शकतात. भारतात जव मुख्यतः राजस्थान आणि उत्तर प्रदेशात पिकतो. त्यात सहाओळी वाणही बरेच असते. त्याचे बाजूचे दाणे बारीक, टरफल अधिक आणि पिठूळ भाग कमी असतो. कर्नालच्या संशोधन संस्थेने माल्टसाठी दुओळी वाण दिले आहेत, पण पोत्यात नेमके काय आहे हे पोत्यावरचे आकडेच सांगतात. म्हणून ४ किलोंची कमाल १२०० ऐवजी ११३० धरा. ८०६ ला ११३० ने भागले, की उतारा ७१ टक्के येतो.

म्हणजे ६० चे ७१ झाले आणि अद्याप आपण एक दाणाही वेगळा दळलेला नाही. साखर कारखान्यात उतारा घसरला, की जाणता केमिस्ट गाळपाला दोष देण्यापूर्वी वजनकाटा आणि प्रयोगशाळा तपासतो. घरच्या मॅशला तोच नियम लावावा असे माझे स्पष्ट मत आहे. हायड्रोमीटरचे महत्त्व मद्यनिर्मात्यांना प्रथम पटवून दिले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील जॉन रिचर्डसन यांनी. त्या मापनामुळे कारखानदारांना उमगले, की स्वस्त म्हणून घेतलेले तपकिरी माल्ट फिकट माल्टपेक्षा इतका कमी उतारा देते, की शेवटी तेच महाग पडते. मापन आले आणि शंभर वर्षांच्या सवयी बदलल्या.

उरलेल्या २९ टक्क्यांपैकी काही खरोखर हरवले आहेत. ते दोन ठिकाणी हरवू शकतात : स्टार्चची साखर झालीच नसेल, किंवा झालेली साखर चोथ्यात अडकून राहिली असेल. या दोहोंवरचे उपाय अगदी वेगळे असल्यामुळे आधी निदान हवे, आणि ते पहिल्या निचऱ्याच्या गुरुत्वावरून होते, कारण तोवर धुण्याचा प्रश्न आलेला नसतो. आपल्या माल्टला किलोमागे ३ लिटर पाणी दिल्यावर सर्व स्टार्चची साखर झाली, तर पहिले वर्ट १.०८० भरायला हवे. आपले १.०६५ भरले, उष्णतेचे ६ पॉइंट मिळवून १.०७१. यावरून रूपांतर सुमारे ८७ टक्के झाले असे निघते. एकूण उतारा ७१ असेल, तर धुण्यात ८१ ते ८२ टक्के साखर हाती आली. एकदाच धुण्याच्या पद्धतीत हा आकडा वाईट मुळीच नाही. पहिला संशय त्यामुळे भरडण्यावर आणि पाण्यावर जातो.

भरडण्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण मँचेस्टरला माल्ट दुकानातूनच भरडून मिळत असणार आणि येथे ते चक्कीवर न्यावे लागते. मी स्वतः पहिल्यांदा दोन किलो माल्ट घेऊन गोकुळपेठ भागातील एका चक्कीवर गेलो, तेव्हा चक्कीवाल्याने मूठभर दाणे तळहातावर घेऊन विचारले, "भाऊ, हे काय होय? सातू होय का?" मी होय म्हणालो, आणि त्याने चाक थोडे आवळून सातूच्या पिठासारखे मऊसूत दळण हाती दिले, वर आधीच्या गिऱ्हाइकाचे मूठभर बेसन फुकट. त्या दिवशी टबाच्या तळाची जाळी अशी लिंपली गेली, की नळातून दीड तासात लिटरभरही निचरा झाला नाही. शेवटी सर्व लापशी साडीच्या कापडातून पिळावी लागली. पुढच्या खेपेला "अगदी जाड काढा" म्हणालो, तर निचरा झरझर झाला आणि चोथ्यात अख्खे दाणे निघाले. आपण आज याच दुसऱ्या पायरीवर उभे आहात.

भरड कशी असावी हे शब्दांपेक्षा डोळ्यांना लवकर कळते. काळ्या ताटात मूठभर पसरावी. टरफले लांबीला फाटून मोकळी, पण बरीचशी सलग दिसली पाहिजेत, कारण पुढे तीच चोथ्यात गाळणीचे काम करतात, आतला गर तीन-चार तुकड्यांत जाड रव्यासारखा सुटलेला असावा, पीठ थोडे, आणि अख्खा दाणा एकही नको. अख्ख्या दाण्याच्या आत पाणी तासाभरात जेमतेम शिरते आणि साखर बाहेर येत नाही, म्हणून शंभरात दहा दाणे अख्खे राहिले तर जवळपास तेवढा उतारा बुडाला असे समजावे. चक्कीचे दगड जाड लावले, की मोठे दाणे फुटतात आणि बारीक दाणे तसेच निसटतात. वर सांगितलेल्या सहाओळी जवात हे फार होते. यावर मला उपयोगी पडलेला उपाय सुपाचा आहे. जाड दळण रव्याच्या चाळणीने चाळावे, वर राहिलेले सुपात पाखडावे, म्हणजे हलकी टरफले पुढे सरकतात आणि जड अख्खे दाणे मागे राहतात. तेवढेच दाणे पुन्हा, थोडे बारीक, दळून सर्व एकत्र करावे. दळण्यापूर्वी पंधरा मिनिटे ४ किलो माल्टवर ८० मिलिलिटर पाणी, म्हणजे वजनाच्या २ टक्के, फवाऱ्याने शिंपडून हाताने वरखाली करावे. टरफल तेवढ्याने चिवट होते आणि फुटत नाही, गर मात्र कोरडाच राहतो. पावसाळ्यात सादळलेल्या माल्टची गोष्ट वेगळी : त्यात ओल गरापर्यंत पोहोचलेली असते, तो फुटण्याऐवजी चेपतो, म्हणून जुलैनंतर पोते घट्ट झाकणाच्या डब्यात रिकामे करणे हाच शहाणपणा.

हाताने फिरवायची दोन रुळांची गिरणी मिळाली, तर मात्र हा सर्व खटाटोप संपतो. रुळांतील फट १.१ मिलिमीटरपासून सुरू करून थोडी थोडी कमी करावी. फीलर गेज, म्हणजे फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांचा संच, कोणत्याही गॅरेजमध्ये दिसतो. तो नसेल तर एटीएम कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर असते एवढे लक्षात ठेवावे. कार्ड अडकेल इतकी फट तळाच्या जाळीला सहसा सोसत नाही. कापडी पिशवीला सोसते.

आता पाणी. माल्टमधील विकर (एन्झाइम) स्टार्चचे तुकडे करतात ते पाण्याची आम्लता बेताची असेल तरच. मॅशचा पीएच (आम्लतेचे माप, जितका कमी तितकी आम्लता अधिक), नमुना थंड करून मोजल्यास, ५.२ ते ५.६ च्या दरम्यान असावा. मँचेस्टरचे पाणी लेक डिस्ट्रिक्टच्या तलावांतून येते आणि अत्यंत मऊ असते. आपल्या बोअरचे पाणी खडकातून मुरत येते, त्यात बायकार्बोनेटचे क्षार असतात. बादलीच्या कडेला आणि गिझरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर तोच. हे क्षार मॅशचा पीएच वर ढकलतात. फिकट माल्टमध्ये त्याला खाली खेचणारी आम्लता फारशी नसल्यामुळे तो ५.८ च्याही पुढे जाऊ शकतो आणि रूपांतर रेंगाळते. पेंच किंवा कन्हानचे नळाचे पाणी या कामी बोअरपेक्षा बरे. त्याहून सोपे म्हणजे मॅशपुरते आरओचे पाणी घ्यावे आणि दर १६ लिटरला ४ ग्रॅम खाद्य दर्जाचे जिप्सम विरघळवावे. त्यातून लिटरमागे ५० ते ६० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते, ते माल्टमधील फॉस्फेटशी संयोग पावून पीएच थोडा उतरवते, आणि विकरांना उष्णतेत टिकण्यासही मदत करते. तरीही ५.६ च्या खाली आले नाही, तर लॅक्टिक आम्ल थेंबाथेंबाने घालून दर वेळी मोजावे. कागदी पट्ट्यांवर विसंबू नये, वर्टच्या तपकिरी रंगात त्या फसवतात. पीएच ही मोजपट्टीच मुळी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सॉरेन्सन यांनी मांडली, म्हणजे बिअर कारखान्याच्या घरातच तिचा जन्म झाला. घरी मॅश लावणाऱ्याने ती वापरायला संकोचू नये.

धुण्यात एक फुकटची सुधारणा आहे. ४ किलो माल्ट साधारण ४ लिटर पाणी धरून ठेवते, म्हणून आपल्या १२ लिटरमधून पहिला निचरा ८ लिटरचा आणि धुण्याचा १६ लिटरचा होतो. दोन्ही निचरे सारखे असले, की एकदाच धुऊन जास्तीत जास्त साखर निघते. तेव्हा मॅशला १६ लिटर आणि धुण्याला १२ लिटर घ्या. पाणी तेवढेच राहील. पहिल्या निचऱ्याची अपेक्षा मात्र आता १.०६२ ची ठेवा, नाहीतर पुन्हा घाबराल. धुण्याचे पाणी ओतल्यावर तळापासून नीट ढवळावे, दहा मिनिटे थांबावे, आणि पहिले दोन-तीन लिटर गढूळ वर्ट सावकाश परत वर ओतावे.

आपण विचारले नाही, पण एक सांगतो. मँचेस्टरला माल्ट १६ अंशांचे असताना आपण ७३ अंशांचे पाणी ओतून ६६ अंशांचा मॅश मिळवत असाल. येथे मे महिन्यात माल्टच ३८ अंशांचे असते, आणि तेच पाणी ओतल्यास मॅश ६९ अंशांजवळ जातो. त्याने उतारा विशेष घटत नाही, परंतु ६० ते ६५ अंशांत रमणारे बीटा-अमायलेज हे विकर लवकर मरते, माल्टोज ही साखर कमी बनते आणि पाक कमी गोड, अधिक चिकट होतो. उन्हाळ्यात पाणी ७० अंशांवरच थांबवा.

हे सर्व केल्यावर आपला खरा उतारा ८० च्या आसपास जाईल. तेथे थांबा. ८० चे ८८ करण्यासाठी चोथा धूत राहिल्यास निचऱ्याचे गुरुत्व १.०१० च्या खाली जाते, पीएच ६ कडे चढतो आणि टरफलातील तुरट द्रव्ये पाकात उतरतात. वाचेल ते पाव-अर्धा किलो माल्ट, बिघडेल तो सगळा पाक.

प्रश्न : मी घरी पाव करून विकते आणि त्यासाठी एका वेळी फक्त १ किलो माल्टचा पाक करते. टब नाही, मलमलच्या पिशवीत माल्ट घालून पातेल्यात ४ लिटर पाण्यात तासभर ठेवते. कोणी म्हणते पिशवी पिळा, कोणी म्हणते पिळल्यास कडवटपणा येतो. नेमके काय करावे? शिवाय तासाभराने पातेले पाहावे तर पाणी कोमट झालेले असते.
(एक वाचक भगिनी, मानेवाडा, नागपूर)

उत्तर : पिशवी अवश्य पिळावी. तुरटपणा पिळण्याच्या जोराने येत नाही. तो फार गरम, ७७ अंशांपलीकडच्या, आणि आम्लता गमावलेल्या पाण्याने येतो. न पिळलेला चोथा किलोमागे लिटरभर वर्ट धरून ठेवतो, चांगला पिळलेला अर्धा लिटर. ४ लिटरच्या मॅशमध्ये अर्धा लिटर म्हणजे साखरेचा आठवा हिस्सा. श्रीखंडासाठी चक्का टांगतो तशी पिशवी आधी टांगून निथळू द्यावी, मग दोन ताटल्यांमध्ये दाबावी, हात भाजत नाही. नंतर तीच पिशवी दुसऱ्या पातेल्यात दीड लिटर गरम पाण्यात बुचकळून पुन्हा निथळावी.

आपली खरी अडचण शेवटच्या वाक्यात आहे. ४-५ लिटरचा मॅश इतका छोटा असतो, की ओट्यावर तो तासाभरात सहज १० अंश उतरतो, आणि स्टार्च पुरता फुलण्याआधीच विकर मंदावतात. पातेले झाकण लावून जाड गोधडीत गुंडाळावे, अथवा ओव्हन ७० अंशांवर तापवून बंद करून त्यात ठेवावे. पाव करणाऱ्या घरात ओव्हन असतोच. अर्ध्या तासाने एकदा तापमान पाहावे. ६३ च्या खाली गेले असेल तर पिशवी उचलून धरून मंद आचेवर वर्ट तापवावे. पिशवी तळाला टेकलेली असताना आच लावल्यास कापड जळते.

काम झाले की नाही हे तासावर ठरवू नये. पांढऱ्या बशीत टरफल न येता वर्टचे दोन थेंब घ्यावेत, निवू द्यावेत आणि शेजारी टिंक्चर आयोडीनचा थेंब ठेवून दोन्ही भिडवावेत. काळानिळा रंग आला, तर स्टार्च शिल्लक आहे. आणखी वीस मिनिटे द्यावीत. रंग आयोडीनचाच पिवळट तांबूस राहिला, की पुढे जावे. ते थेंब फेकून द्यावेत, पातेल्यात परत टाकू नयेत.

प्रश्न : जवाचे माल्ट महाग पडते. आमच्याकडे ज्वारी घरची आहे. नाचणी सत्त्वासाठी करतो तशीच ज्वारी भिजवून, मोड आणून, वाळवून, तव्यावर खमंग भाजून भरडली आणि ६५ अंशांवर तासभर ठेवली. गोडी आलीच नाही, नुसती आंबील झाली. चूक कोठे?
(एक वाचक, काटोल)

उत्तर : चूक तव्यावर झाली. साखर करणारे विकर मोड येताना तयार होतात आणि खमंग भाजण्याच्या उष्णतेत ते नष्ट होतात. सत्त्वात आपल्याला वास आणि पचायला हलके पीठ हवे असते, म्हणून तेथे भाजणे चालते. मॅशसाठी मोड आलेली ज्वारी सावलीत, वाऱ्यावर, ५० अंशांच्या आतच वाळवावी. काटोलच्या एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्यावर वाळवू नये. पत्रा त्याहून तापतो.

तेवढ्यानेही काम पुरे होणार नाही, कारण ज्वारीचा स्टार्च जवाच्या स्टार्चसारखा ६०-६५ अंशांवर फुलत नाही. त्याला ७० च्या पुढे जावे लागते आणि तेथे विकर टिकत नाहीत. यासाठी भरडलेली ज्वारी आधी ४५ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवावी, वरचे निवळ पाणी, ज्यात विकर उतरलेले असतात, हलक्या हाताने काढून बाजूला ठेवावे, खालचा साका नव्या पाण्यात चांगला शिजवून घ्यावा, तो ६५ अंशांपर्यंत निवू द्यावा आणि मग ते निवळ पाणी त्यात परत मिसळून दोन तास ठेवावे. ज्वारीत बीटा-अमायलेज मुळातच कमी असल्यामुळे जवाइतकी गोडी येणार नाही. खर्चाचा विचार करता मला मधला मार्ग बरा वाटतो : दोन वाटे साधी, मोड न आणलेली ज्वारी शिजवून घ्यावी आणि ६५ अंशांवर आल्यावर तीत एक वाटा जवाचे माल्ट मिसळावे. जवाचे विकर दोघांचेही काम करतात. ज्वारीला टरफलाची गाळणी नसते, तेव्हा हा मॅश पिशवीतच लावा.

एक काळजी घ्या. मोड आणलेली ज्वारी वाळल्यावर हातावर चोळून कोंब आणि मुळ्या पाखडून टाका. कोवळी ज्वारी खाऊन गुरे दगावतात ती तिच्यातून सुटणाऱ्या हायड्रोजन सायनाइडने, आणि त्याचे मूळ द्रव्य या कोंबांतही असते. पाखडलेले कोंब गोठ्यातही टाकू नका.